दृक्‌प्रत्ययवादी शिल्पकला
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये उदयास आलेल्या दृक्‌प्रत्ययवादी चित्रकलेशी समांतर अशी शिल्पनिर्मिती. ही संज्ञा चित्रकलेवरून घेतलेली असून तिची सार्थता वादग्रस्त आहे. चित्रकार प्रकाशाचा क्षणिक परिणाम रंगांच्या फटकाऱ्यांनी स्वतःच साधतो. शिल्पावर मात्र प्रकाश बाहेरून पडतो व शिल्पकाराला केवळ पृष्ठभागाची योजना करता येते. ओग्यूस्त रॉदँ (१८४०–१९१७) याने मातीवरील बोटांच्या खुणा व उंचसखलपणा ब्राँझमध्येही राखला. क्लोद मॉनेसमवेत त्याचे संयुक्त प्रदर्शन १८८९ मध्ये पॅरिस येथे भरले. तथापि त्याच्या आकृतींतील घनता व भावनाट्य पाहता त्याला दृक्‌प्रत्ययवादी म्हणणे अपुरे ठरते. ही संज्ञा खऱ्या अर्थाने शोभते ती मेदार्दो रोस्सो (१८५८–१९२८) या इटालियन शिल्पकारास. त्याच्या मेणातील शिल्पांत आकृती सभोवतालच्या वातावरणात विरघळल्यासारखी भासते. शिल्प एकाच बाजूने पाहावे, असा त्याचा आग्रह होता. म्हणजे चित्राच्या जवळ जाताना त्याने शिल्पाचे सर्वांगदर्शित्वच सोडून दिले. एद्गार दगाची १८८१ च्या दृक्‌प्रत्ययवादी प्रदर्शनातील मेणाची बालनर्तकी मात्र, खऱ्या कापडाच्या झग्यामुळे, वास्तववादाकडे अधिक झुकते.

महाराष्ट्रात या प्रवृत्तीचा संप्रदाय झाला नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत (स्थापना १८५७) पाश्चात्त्य अकादमिक वास्तववाद रुजला. रोस्सोचे समकालीन गणपतराव म्हात्रे यांच्या मंदिरपथगामिनी (१८९६) या प्लॅस्टरमधील शिल्पात लुगड्याची चुणी न् चुणी रेखीव आहे. तेथे प्रकाश आकार स्पष्ट करतो, पुसत नाही.