हरवळे: जांभ्याची घळ

साखळीच्या बाजारातून हरवळ्याला जायला फारसा वेळ लागत नाही आणि बहुतेक पाहुणे तिथे फार वेळ थांबतही नाहीत. कठड्याशी उभे राहून धबधबा बघायचा, रुद्रेश्वराला हात जोडायचे, फोटो काढायचे आणि पुढच्या ठिकाणाकडे निघायचे. गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या या घळीवर हा अन्यायच आहे. ती पायी, सावकाश पाहायची जागा आहे.

कुडणे नदी इथे कड्यावरून खाली झेपावते आणि झाडीने गच्च भरलेल्या खोलगट भागातून पुढे मांडवीकडे निघते. पाण्याच्या काठावरच रुद्रेश्वराचे देऊळ आहे. तिथून जवळच जांभ्यात कोरलेली लेणी आहेत. साधे चौकोनी खांब, ठेंगण्या खोल्या आणि आत शिवलिंगे. एका लिंगावर अक्षरे कोरलेली असून लिपीवरून ती सातव्या शतकाच्या सुमाराची मानली जातात. ही लेणी मुळात बौद्धांची की शैवांची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. गावाने मात्र त्यांना केव्हाच पांडवांची करून टाकले आहे.

या खोल्यांत शिल्पांची गर्दी नाही, भिंती जवळजवळ कोऱ्या आहेत. कारण दगडातच आहे. जांभा सच्छिद्र असतो. जमिनीतून नुकताच काढला की तो मऊ असतो, हत्याराने सहज कापता येतो. हवा लागली की कडक होत जातो. गोव्यातल्या चिरेखाणी याच गुणावर चालतात. पण बारीक नक्षी हा दगड धरून ठेवत नाही. म्हणून इथल्या कारागिरांनी जागा कोरली, आकृत्या फारशा कोरल्या नाहीत. त्या संयमाला मी दाद देतो.

दगडाचा हा गुण गिर्यारोहकांनीही ध्यानात ठेवावा. सह्याद्रीतल्या काळ्या कातळावर मेख बसते, बोटांना पकड मिळते. पावसाने पोखरलेल्या जांभ्याचा तुकडा हातात कधी येईल, याचा नेम नसतो. धबधब्यालगतचा कडा तर सतत भिजलेला, शेवाळलेला. हरवळ्यात दोर लावून चढण्याचा मोह टाळावा, हे माझे स्पष्ट मत आहे. लेण्यांच्या भिंतींना तर चढण्यासाठी हातही लावू नये. एवढी शतके टिकलेली कड एका बुटाने तुटू शकते.

पावसाळ्यात धबधबा ऐन भरात असतो आणि धोकाही तेव्हाच सर्वाधिक. वर पाऊस झाला की खालच्या कोंडीतले पाणी बघता बघता चढते. 2023च्या जुलैत अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली होती. हरवळे अभयारण्यात येत नाही, पण पाण्याची रीत तीच. जून ते सप्टेंबर लांबूनच बघावे. चालायला नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम: वाट सुकलेली असते आणि नदीत पाणीही असते. महाशिवरात्रीला रुद्रेश्वराची जत्रा भरते, तेव्हा निवांतपणा शोधू नये.

ज्यांचे पाय एवढ्याने थकत नाहीत, त्यांनी साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाटाकडे वळावे. तिथे खरी खोल दरी भेटते. घाटातून महाराष्ट्रातल्या विर्डी गावचा वझरा सकला धबधबा समोर दिसतो आणि त्या खोऱ्यातले पाणी वाळवंटी नदीतून पुन्हा साखळीत, विठ्ठलापूरच्या देवळापाशी येते. केरीच्या मातीतून 2007 मध्ये देवगांडुळाची, म्हणजे बिनपायाच्या उभयचराची, एक नवी जात विज्ञानाला मिळाली, गोव्याचेच नाव लावलेली. या खोऱ्यातले पाणी म्हादईच्या, म्हणजे मांडवीच्याच, पाणीवाटपाच्या तंट्यातही अडकलेले आहे. त्या तंट्यावरच्या लवादाने 2018च्या निवाड्यात महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिले आणि विर्डीचे धरण त्या हिश्शाशी जोडलेले आहे. घाटाखालच्या जंगलात उतरायचे असेल तर वन खात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या, दोन्ही हवेत. वाटा पावसागणिक बदलतात आणि त्या केरी-विर्डीच्या माणसांनाच ठाऊक असतात.