सुवर्णपदकानंतरचा ग्रेग लुगेनिस

खाली पाणीच आहे, त्यामुळे डायव्हिंगमध्ये फारसं लागत नाही, असं पुष्कळांना वाटतं. दहा मीटरच्या प्लॅटफॉर्मवरून सूर मारणारा खेळाडू ताशी सुमारे 50 किलोमीटर वेगाने पाण्यावर येतो. तो बोटं टोकदार जुळवून शिरतो, हाही समजच. एका हाताने दुसरा पकडून तळवा सपाट पाण्याकडे करायचा असतो, म्हणजे शिंतोडे कमी उडतात. हा मार रोजच्या सरावात मनगटं आणि खांदे सोसत राहतात.

अमेरिकेच्या ग्रेग लुगेनिसबद्दलचे गैरसमज मात्र याहून चिवट आणि जास्त अन्यायकारक आहेत. 1984 आणि 1988 अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये त्याने स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म, दोन्हींची सुवर्णपदकं जिंकली. पुरुषांत हे दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. 1988 मध्ये सोलला प्राथमिक फेरीत उलटी कोलांटी घेताना त्याचं डोकं फळीवर आपटलं. टाके घालून तो थोड्याच वेळात पुन्हा फळीवर उभा राहिला आणि स्पर्धा जिंकला.

त्याला एचआयव्ही असल्याचं जगाला 1995 मध्ये कळलं. मग ‘त्याचं रक्त तलावात सांडलं, इतरांचे जीव धोक्यात घातले’ अशी ओरड झाली. ती निराधार होती. तलावाच्या पाण्यातून एचआयव्ही पसरत नाही; एवढ्या पाण्यात आणि क्लोरीनमध्ये विषाणू तग धरत नाही. खरी जोखीम होती ती हातमोजे न घालता टाके घालणाऱ्या डॉक्टरांना, आणि त्यांचीही चाचणी पुढे निगेटिव्ह आली. निदान स्पर्धेच्या काही महिने आधीच झालं होतं. दर चार तासांनी गोळ्या घेत त्याने सराव केला, आणि कळलं तर खेळूच देणार नाहीत या धास्तीने तो गप्प राहिला. त्या काळची दहशत आठवली की त्याला दोष देववत नाही.

सुवर्णपदक मिळालं की जन्माची ददात मिटते, हा आणखी एक समज. आपल्याकडे पदकविजेत्याला निदान सरकारी नोकरीची आशा असते. लुगेनिसला मोठ्या जाहिराती फारशा मिळाल्याच नाहीत. अमेरिकेत ‘व्हीटीज’ या न्याहारीच्या खोक्यावर विजेत्यांचे फोटो छापायची जुनी प्रथा आहे. त्यावर तो झळकला 2016 मध्ये, शेवटच्या सुवर्णानंतर 28 वर्षांनी. 2025 मध्ये त्याने तीन ऑलिंपिक पदकं लिलावात विकली.

तरी निवृत्तीनंतर त्याचं आयुष्य उजाड झालं, असं मानणंही चूकच. आपण तिशीही पाहणार नाही असं त्याला वाटत होतं, तो आज साठीपार आहे. अडथळे पार करण्याच्या शर्यतींत तो आपले कुत्रे घेऊन उतरला, त्यांना स्वतः शिकवून. अमेरिकी संघातल्या तरुण डायव्हर्सचा तो मार्गदर्शकही झाला.