डिपस्टिक निघेना म्हणून गिअर ऑइल बघायचं सोडू नका. जुन्या ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी हे वाचाच

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाताना ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सची खरी परीक्षा होते. चढावर, वळणावर, ट्रकच्या मागे सरपटताना टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ऑइल घुसळलं जातं आणि तापतं. मॅन्युअल गाडीत हे ऑइल फक्त वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिकमध्ये मात्र त्याच्याच दाबावर गिअर बदलतात, क्लच प्लेटा धरतात. ते कमी पडलं की प्लेटा घसरतात, जळतात आणि मग गिअरबॉक्स खोलण्याचा खर्च कधीकधी जुन्या गाडीच्या किमतीलाही मागे टाकतो. तरीही इंजिन ऑइल नेमाने बघणारे लोक गिअरची डिपस्टिक वर्षानुवर्षं हलवत नाहीत, आणि ती तिथंच धरून बसते.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या जुन्या गाड्यांबद्दल आहे. मॅन्युअल गिअरबॉक्सला बहुधा डिपस्टिक नसते. तिथं गाडी सपाट उभी करून बाजूचा लेव्हल प्लग काढायचा, ऑइल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं असलं म्हणजे झालं. नव्या ऑटोमॅटिक गाड्यांतही बऱ्याच ठिकाणी डिपस्टिक काढूनच टाकली आहे.

आता बहुतेकांची गल्लत कुठं होते ते बघा. इंजिन चालू ठेवून बघायचं की बंद करून? उत्तर कंपनीनुसार बदलतं. टोयोटा कोरोला, ह्युंदाई अशा गाड्यांत ऑइल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवूनच बघायचं. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवायचा, मग मॅन्युअल सांगेल तसं पी किंवा एनमध्ये ठेवायचं. जुन्या होंडा अ‍ॅकॉर्ड, सीआर-व्हीचं उलट आहे. गाडी गरम करून इंजिन बंद करायचं आणि साधारण 60 ते 90 सेकंदांच्या आत डिपस्टिक काढायची. एकाची रीत दुसऱ्याला लावली की लेव्हल चुकीची दिसणारच. मग कोणीतरी विनाकारण ऑइल ओततो, आणि जादा ऑइलही तितकंच वाईट. आतले गिअर ते घुसळतात, फेस होतो, दाब पडतो.

गरम म्हणजे किती? ऑइल 70 ते 80 अंशांपर्यंत यावं, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून आणावी. घाट उतरून आल्या आल्या मात्र बघू नये, थोडी निवू द्यावी. जागा सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, चाकाला दगड लावलेला बरा. इंजिन चालू असेल तर बाही, ओढणी फॅनपासून लांब.

डिपस्टिक घट्ट बसली असेल तर आधी तोंडाभोवतीची माती कापडाने पुसून घ्या, नाहीतर ती नळीतून थेट आत जाईल. काहींना लॉकचा छोटा खटका असतो, तो बघा. मग सरळ वर ओढू नका. आधी डावी-उजवीकडे हळूहळू फिरवा. बहुतेक वेळा फुगलेली किंवा वाळलेली ओ-रिंग नळीला चिकटलेली असते, फिरवल्यावर ती सुटते. गंज दिसत असेल तर बाहेरून रस्ट स्प्रेचा अगदी हलका फवारा मारून थोडं थांबा. आत धार सोडू नका. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायला जाऊ नका, उष्णतेने कडक झालेलं प्लास्टिकचं मूठ टचकन तुटतं. मूठ तुटलंच तर पट्टी पक्कडीत धरून फिरवत काढता येते. पण पट्टीचा तुकडा आत पडला असेल तर गाडी चालू न करता मेस्त्रीला बोलवा.

एकदा निघाली की ओ-रिंग बदलून टाका, नवीला तेच ऑइल बोटाने लावा. नवी डिपस्टिक घेताना त्याच मॉडेलची घ्या, दुसऱ्या गाडीची बसली तरी खुणा जुळत नाहीत.

पहिल्यांदा काढल्यावर पट्टी सगळी माखलेली असते. तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग वाचा. दोन्ही बाजू बघा आणि कमी दाखवणारी बाजू खरी धरा, कारण नळीला लागलेलं ऑइल दुसऱ्या बाजूला फासलं जातं. ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये असेल तर हात लावू नका. कमी असेल तर शंभर-दीडशे मिलीच घालायचं आणि पुन्हा बघायचं. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, दुकानदार ‘सगळं एकच’ म्हणाला तरी.

रंगही बघा. लालसर आणि स्वच्छ असेल तर ठीक. काळपट तपकिरी आणि जळका वास म्हणजे प्लेटा झिजत आहेत. दुधट गुलाबी दिसलं तर पाणी शिरलंय, बहुधा रेडिएटरमधला कूलर फुटल्यामुळे किंवा गाडी पुराच्या पाण्यात गेल्यामुळे. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंग करा.

लेव्हल वारंवार उतरत असेल तर गळती शोधा. गाडीखाली रात्री पुठ्ठा टाकून ठेवा. लाल थेंब दिसले तरी लगेच गिअरबॉक्स म्हणू नका, जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचं ऑइलही बऱ्याचदा लालच असतं. थेंब नेमके कुठल्या भागाखाली पडलेत ते बघून मगच मेस्त्रीला सांगा.