हजेरीपटातला ताप

महिनाअखेर आली की माझ्या वर्गात खोकला वाढायचा. ही १९९६-९७ च्या सुमाराची गोष्ट. हवा तीच, हापशाचं पाणी तेच, पण पंचवीस तारीख उलटली की तापाने फणफणलेली पोरंही तरटपट्टीवर येऊन बसायची. कारण तांदूळ. १५ ऑगस्ट १९९५ पासून पोषण आहार सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे शिजवलेलं अन्न नव्हतं. महिन्याला ३ किलो कोरडा तांदूळ घरी न्यायचा. त्याला ८० टक्के हजेरीची अट. कांजिण्यांत आठ दिवस गेले की तांदूळ गेला. मग आजी नातवाला हाताला धरून आणायची आणि दारातून सांगायची, "बाई, मांडा ह्याचं नाव. बसंल कोपऱ्यात गुमान." कांजिण्यांचे फोड अजून पुरते सुकलेले नसायचे. दोन-तीन आठवड्यांनी त्या कोपऱ्यातली आणखी तीन पोरं अंगभर फोड घेऊन घरी, आणि त्यांच्या आज्या माझ्या दारात.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये माझी सगळी नोकरी झाली. सरकारने गरीब मुलाला जे जे दिलं, ते बहुतेक हजेरीशी बांधून दिलं. तांदूळ हजेरीवर, मुलींचा रोज १ रुपया उपस्थिती भत्ता हजेरीवर (तो मी निवृत्त होईपर्यंत रुपयाचा रुपयाच राहिला). आणि साथीचं प्रत्येक परिपत्रक सांगायचं की आजारी मूल शाळेत येऊ देऊ नका. दोन्ही हुकूम आपापल्या जागी बरोबर. पण ते दोन वेगवेगळ्या खात्यांतून निघायचे आणि येऊन पडायचे एकाच टेबलावर.

नोकरीची पहिली काही वर्षं शिक्षक स्वतःच आजारी असतो. डी.एड.ला हे कोणी सांगत नाही. लहानपणी जे व्हायचं राहून गेलं, ते वर्ग व्याजासकट वसूल करतो. मला पहिल्याच हिवाळ्यात गालफुगी झाली आणि दोन्ही गाल सुजलेल्या बाई बघायला खोलीच्या खिडकीत पोरांची रांग लागली. सर्दी तर वर्षभर मुक्कामाला. त्यात नवल काही नव्हतं. पाटी पुसायची ती थुंकीने. पेन्सिल आधी जिभेला लावायची, मग पाटीवर टेकवायची, आणि शेजारच्याने मागितली की तीच ओली पेन्सिल द्यायची. माठावर एकच ग्लास, आणि तो थेट आत बुडवायचा. आम्ही लांब दांड्याचं ओगराळं आणलं, तर पोरं ओगराळ्यालाच तोंड लावायला लागली.

पेन्सिल नुसती चाटणारी वेगळी आणि कुरतडून खाणारी वेगळी. दोन-तीन मुली आठवड्याला अख्खा डबा संपवायच्या. घरचे म्हणायचे, खोड आहे, चार रट्टे द्या. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी एकीला जवळ घेतलं, तिची खालची पापणी अंगठ्याने ओढली आणि मला आतला रंग दाखवला. लाल असायला हवं तिथे कागदासारखं पांढरं. अंगात रक्त नसलं की माती, खडू, पेन्सिल असलं काहीबाही खावंसं वाटतं, हे त्यांनी सांगितलं. तेव्हापासून पापणी ओढून बघायची मला सवयच लागली. अजूनही लग्नकार्यात कुणाचं पोर मांडीवर बसलं की हात पापणीकडे जातो.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला. पुढच्याच महिन्यात सुरतेची बातमी आली आणि सगळा देश घाबरला. आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. त्यानंतर उंदीर वाढले असं तेव्हा बोललं जायचं. प्रार्थना झाली की आम्ही पोरांच्या काखा चाचपायचो. गुदगुल्या होऊन ती हसायची आणि आम्ही गंभीर. एरवी मेलेला उंदीर शेपटीला धरून मिरवणारी पोरं तो दिसला की धापा टाकत सांगायला यायची. आमच्या गावात काही निघालं नाही. पुढच्या वर्षी त्याच वर्गात, गोदाम नसल्याने, पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचली गेली. आधी उंदीर मारायचं परिपत्रक आणि मग उंदरांना जेवण, हा क्रम मला आजही मजेशीर वाटतो.

पण प्लेगची भीती पाहुण्यासारखी येऊन गेली. आमचा खरा आजार दरवर्षी ठरल्या वेळी यायचा, तो उसाबरोबर.

आमच्याकडे शाळेचं वर्ष जूनमध्ये भरतं आणि दसरा-दिवाळीत मोडतं. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि पोरं ट्रॅक्टरमध्ये घालून सांगली-कोल्हापूरकडे, पार कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत जातात. वर्गातली निम्मी जागा रिकामी होते. तिकडे पाचटाची कोपी, पहाटेची थंडी, चुलीचा धूर, मिळेल ते पाणी. चौथीतली पोरगी तान्ह्या भावाला सांभाळते, कारण आई-बाप दोघंही फडात. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की चैत्र-वैशाखात ही मंडळी परत येतात आणि शाळेचे शेवटचे आठवडे पोरं वर्गात बसतात. तेव्हा त्यांच्याबरोबर काय काय यायचं ते मला डोळे मिटून सांगता येईल: बोटांच्या बेचक्यांत खरूज, डोक्यात उवा-लिखा, वाहते कान आणि आठवडेच्या आठवडे न थांबणारा खोकला.

खरूज हा मला सर्वांत चिवट वैरी वाटत आला आहे. औषध साधं: मानेपासून तळव्यापर्यंत चोळायचं मलम. पण ते एकट्या पोराला लावून काही होत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, कपडे आणि अंथरूण गरम पाण्यात काढून उन्हात टाकायचं. सात माणसं, दोन गोधड्या आणि पोराला एकच गणवेश असलेल्या घरात हे कसं करायचं? एका वर्षी तिसरीतल्या एका मुलीजवळ कोणी बसेना. कवितेच्या तासाला गोल करून हात धरायचे, तर तिच्या दोन्ही बाजू मोकळ्या. तिला एकटीला बोलावून औषध लावलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी आलीच नसती. म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटताना मी सगळ्या वर्गाला ओळीत बसवलं आणि प्रत्येकाच्या बोटांच्या बेचक्यांत मलम लावलं, सगळ्यात आधी स्वतःच्या. वर्गात खरूज असली की कोणाकोणाला लागलेली असते, दिसायला मात्र उशीर लागतो. तेव्हा हे नाटकही नव्हतं. तिच्या घरासाठी आरोग्य केंद्रातून बाटल्या नेल्या. गणवेश वाळेपर्यंत ती माझ्या मुलाचा जुना शर्ट घालून बसली. तो शर्ट परत आला नाही. मीही मागितला नाही.

गरजू मुलाला मदत करण्यात अवघड असतं ते लपवणं. पैसा त्यामानाने सोपा. गावात चार देणारे निघतात, पण त्यांना वाटप हवं असतं, वाटपाला फोटो हवा असतो आणि फोटोत वह्या घेणाऱ्याचा चेहरा समोर हवा असतो. मी देणगीदारांना सांगायचे, द्या तर सगळ्या वर्गाला द्या, नाहीतर माझ्या हातात द्या आणि विसरा. काही रागावले. दोघं-तिघं मात्र वर्षानुवर्षं विसरत राहिले.

शिजवलेलं अन्न आलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर, आमच्याकडे आणखी काही काळाने. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदळाची खिचडी. शिक्षकांनी चुलीकडे बघायचं की फळ्याकडे, यावर बैठकांमधून पुष्कळ रडारड झाली, आणि तीत तथ्यही होतं. हिशेबाच्या रकान्यांनी आमचा जीव घेतला. पण वर्गातलं आजारपण ज्यांनी कमी केलं त्यांत मी खिचडीला गोळ्या-औषधांच्या वर ठेवते. महिनाअखेरचा ताप थांबला, कारण आज आला नाहीस तर आजचंच जेवण जाईल, महिन्याचं नाही. सोमवारी पातेलं लवकर तळ गाठायचं. रविवार पोटात किती रिकामा गेला, हे सोमवारी दुसऱ्यांदा वाढून घेणारे हात सांगायचे. आमच्या स्वयंपाक करणाऱ्या मावशींना कुणी शिकवलं नव्हतं, तरी सोमवारी त्या मूठभर तांदूळ जास्तच टाकायच्या.

मोहिमा भरपूर आल्या. डिसेंबर १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाला आणि रविवार बूथवर जाऊ लागले. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरहून झाली. पथकाची गाडी शाळेत येऊ लागली. गावाने मठ्ठ ठरवलेल्या एका मुलाचा कान त्या डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितला, तर पडद्याला भोक. कारखान्यांचे दोन-तीन हंगाम तो कान वाहत होता. बिचाऱ्याला मी काय विचारतेय तेच ऐकू जात नव्हतं. तालुक्याला, मग जिल्ह्याला नेऊन उपचार झाले आणि त्याला पहिल्या बाकावर हक्काची जागा मिळाली.

माझी तक्रार मोहिमांबद्दल नाही, त्यांच्या तारखांबद्दल आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिन आला, तो १० फेब्रुवारीला. गोवर-रुबेलाची मोठी मोहीम राज्यात सुरू झाली २७ नोव्हेंबर २०१८ ला. पोलिओच्या फेऱ्या ऐन थंडीत. या तिन्ही वेळी ज्या पोरांच्या पोटात सर्वांत जास्त जंत आणि अंगात सर्वांत कमी ताकद, ती कुठे? फडात. जंताची गोळी मी वर्गात चावून खायला लावायचे, ती बहुतेक सरपंचांच्या, दुकानदारांच्या आणि आमच्या शिक्षकांच्या पोरांना. ऑगस्टमध्ये दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा कुठे आमची पोरं हाताला लागली. गोवर-रुबेलाच्या वेळी तर मोबाइलवरच्या अफवांनी उरलेल्यांनाही पळवलं. मागे राहिलेल्या एका नातवाला आजीने कणगीआड लपवलं होतं. मी माझ्या बहिणीच्या मुलीच्या अंगठ्याच्या नखावरची शाई म्हातारीला दाखवली तेव्हा नातू बाहेर आला. पोलिओवाल्यांनी मात्र कारखान्यांवर, वीटभट्ट्यांवर, बसस्थानकांवर माणसं पाठवली. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, आणि २०१४ मध्ये प्रमाणपत्र आलं. एका रोगासाठी ऊसतोड्याच्या कोपीपर्यंत पोचता येतं, तर बाकीच्यांसाठी रस्ता का सापडत नाही, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मागे राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. आमच्या गावी त्याचा अर्थ दोन वेळचं जेवण, झोपायला आजी-आजोबांकडे. दिवसा ताप आला तर शाळा होती. रात्री आला तर फोन माझा. मोतीबिंदू झालेल्या आजीला बाटलीवरचा आकडा दिसत नाही, म्हणून पॅरासिटामॉलच्या झाकणावर मी नेलपॉलिशची रेघ ओढून द्यायचे: इथपर्यंतच.

कोरोनावर सगळ्यांनी लिहिलं आहे, मी थोडक्यात आटोपते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. एप्रिलमध्ये कारखान्यांवर अडकलेले मजूर परत आले आणि आमच्या वर्गखोल्या विलगीकरणाला गेल्या. ज्या पोरांना शाळा बंद होती, तीच शाळेच्या व्हरांड्यात आई-बापासोबत मुक्कामाला होती. आम्ही नाक्यावर, सर्वेक्षणात, ऑक्सिमीटर घेऊन दारोदार. पोषण आहार पुन्हा कोरडा झाला, तांदूळ आणि कडधान्य घरपोच. पंचवीस वर्षं मागे गेल्यासारखं वाटलं, फक्त या वेळी हजेरीची अट नव्हती. पहिली ते चौथीचे वर्ग भरले ते १ डिसेंबर २०२१ ला. पोरं आली तेव्हा मास्क हनुवटीखाली होते आणि बरीचशी पाढे विसरली होती. हात धुवायला मात्र कुणाला सांगावं लागत नव्हतं. नळांची ओळ, साबणाच्या जाळीदार पिशव्या हे सगळं त्या काळात झालं आणि टिकलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात वर्गातले जुलाब निम्म्यावर आले, असा माझा अंदाज. हजेरीपट बघून केलेला, कुठल्या अहवालातला नव्हे.

निवृत्तीच्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, डोळ्यांची साथ आली. आळंदीकडून सुरू झाली म्हणतात; पंधरवड्यात आमच्याकडे पोचली. परिपत्रक तयारच होतं: डोळे आलेल्या मुलांना घरी पाठवावे. दिवस खुरपणीचे. आया पहाटे भाकरी बांधून शेतावर जायच्या त्या दिवेलागणीला परत. घराला कुलूप. घरी पाठवलेलं पोर पारावर बसून दिवसभर डोळे चोळणार आणि गावभर हिंडणार. शिवाय दुपारचं जेवण बुडणार. आम्ही व्हरांड्याच्या टोकाला त्यांचा वेगळा वर्ग केला. प्रत्येकाला जुन्या साडीचा स्वच्छ चौकोन, वेगळा नळ, वेगळी ताटं. ताटं उकळत्या पाण्यातून काढायची. चौथीच्या एका मुलाने आजोबांचा काळा चष्मा लावून त्या वर्गाचं मॉनिटरपद घेतलं आणि नाकावरून घसरणारा तो चष्मा सावरत कडक शिस्त लावली.

तिसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख भेटीला आले. हजेरीपट चाळून म्हणाले, "बाई, ही मुलं गैरहजर असायला पाहिजेत. वरून विचारणा झाली तर?" मी त्यांना व्हरांड्यात नेलं आणि गावातली कुलपं लागलेली घरं तिथूनच बोटाने दाखवली. ते थोडा वेळ उभे राहिले. मग शेरेबही मागवून त्यांनी लिहिलं: बाधित विद्यार्थ्यांची स्वतंत्र बैठक व्यवस्था केली आहे, आहार देण्यात येत आहे. खाली सही केली, पोरांपासून दोन हात लांब खुर्ची टाकून खिचडी खाल्ली आणि जाताना नळावर कोपरापर्यंत हात धुतले.