दोघांचा डाव

एकेरी खेळणारे दोन कसलेले खेळाडू जाळीच्या एका बाजूस उभे केले की बॅडमिंटनची उत्तम जोडी तयार होते, असा सामान्य प्रेक्षकाचा समज असतो. तो समज खरा असता, तर आशियाई क्रीडास्पर्धांतील पुरुष दुहेरीच्या सुवर्णपदकासाठी भारताला इतकी वर्षे तिष्ठत बसावे लागले नसते. ह्या स्पर्धांत बॅडमिंटनचा प्रवेश १९६२ साली जाकार्ता येथे झाला. १९८२ साली दिल्लीस प्रदीप गंधे व लेरॉय डिसा यांनी दुहेरीचे कांस्यपदक मिळविले. त्यानंतर ह्या प्रकारात ४१ वर्षे भारताच्या हाती काहीच लागले नाही. ज्या खेळाला इंग्रज अधिकारी एके काळी ‘पूना’ ह्याच नावाने ओळखत, त्या खेळाची ही कथा!

अखेर ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्र प्रदेशातील अमलापुरमचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांनी दक्षिण कोरियाच्या चोई सोल-ग्यू व किम वोन-हो यांना २१-१८, २१-१६ असे नमविले. बॅडमिंटनच्या कोणत्याही प्रकारात भारताला आशियाई सुवर्णपदक मिळण्याची ती पहिलीच वेळ होय.

दुहेरी हा निराळाच खेळ आहे, हे कोर्टावरील रेषाच सांगतात. कोर्टाची लांबी दोन्ही प्रकारांत १३.४० मीटर, रुंदी मात्र एकेरीत ५.१८ मीटर, तर दुहेरीत ६.१० मीटर. कोर्ट असे रुंदावते, पण सर्व्हिस आखूड होते. मागील सीमारेषेच्या ७६ सेंटिमीटर आत आणखी एक रेषा असते, आणि दुहेरीत तिच्यापलीकडे पडलेली सर्व्हिस बाद ठरते. त्यामुळे समोरच्याला दूर मागे रेटता येत नाही. तो रॅकेट उंचावून पुढच्या रेषेशी टपून उभा राहतो. शिवाय २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे सर्व्हिस करताना फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खालीच टोलवावे लागते; जाळी तर मध्यभागी १.५२४ मीटर उंच. म्हणजे फूल खालून वर जाणारच. टेनिसमध्ये सर्व्हिस हे राजाचे शस्त्र असते. येथे सर्व्हिस करणाराच धास्तावलेला असतो. फूल जाळीला जवळजवळ चाटून गेले तर ठीक. चार बोटे उंच गेले की परतीचा तडाखा छातीवर येतो.

दुहेरीचे सारे मर्म ह्या ‘वर’ आणि ‘खाली’ मध्ये आहे. ज्या जोडीला फूल वरून खाली मारता येते ती चढाईवर. तिच्यातील एकजण मागून प्रहार करतो, दुसरा जाळीपाशी उभा राहून दुबळे परतीचे फटके टिपतो. ज्या जोडीला फूल उंच उचलावे लागते तिने त्याच क्षणी शेजारी-शेजारी पसरून बचावास सिद्ध व्हावयाचे. एका फेरीत ही रचना अनेकदा पालटते, आणि ती शब्द न बोलता पालटावी लागते. दोघांच्या मधोमध आलेले फूल कोणाचे, हे विचारावयास सवड नसते. तेथे घुटमळणारी जोडी गुण गमावते.

सात्त्विक व चिराग हे दोघेही मुळात मागून प्रहार करणारे. मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी त्यांना एकत्र आणले, तेव्हा जाळीजवळचे नाजूक काम नव्याने आत्मसात करणे त्यांना भाग पडले. पुढे लंडन ऑलिंपिकमधील रौप्यपदकाचा मानकरी, डेन्मार्कचा मथियस बो, त्यांचा मार्गदर्शक झाला. सात्त्विकच्या एका प्रहाराचा वेग २०२३ साली जपानमधील चाचणीत ताशी ५६५ किलोमीटर भरला. हा आकडा वृत्तपत्रांना फार आवडला. पण हांगझोऊच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात १५-१८ असे मागे असताना जोडीने सलग सहा गुण घेतले, ते केवळ वेगाच्या बळावर नव्हे.

अनेक खेळांच्या महास्पर्धेत आणखी एक कसोटी असते. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ह्याच जोडीने गटातील तीनपैकी दोन सामने जिंकले. चिनी तैपेईच्या ली यांग व वांग ची-लिन यांना तिसऱ्या डावात २७-२५ असे हरविले. गटातील तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले. मग जिंकलेल्या डावांतून हरलेले डाव वजा केले. इंडोनेशियाचे तीन उरले, तैपेईचे दोन, भारताचा एक. पहिल्या दोघांनाच पुढे जाता येत असल्याने भारतीय जोडी बाहेर पडली, आणि तिच्याकडून हरलेल्या ली-वांग जोडीने सुवर्णपदक पटकाविले. इंडोनेशियाविरुद्ध सरळ दोन डावांत झालेला पराभव असा महाग पडला. २०२४ साली पॅरिसलाही मलेशियाच्या ॲरन चिया व सोह वूई यिक यांच्याविरुद्ध पहिला डाव जिंकूनही उपान्त्यपूर्व फेरीतच मजल थांबली.

आता पुणे जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाकडे पाहावे. भीमा-नीरेच्या मधला इंदापूर तालुका आणि त्याच्या शेजारचा बारामती तालुका हा मोकळ्या माळांचा व उसाच्या मळ्यांचा प्रदेश. सोळा पिसांचे, साडेपाच ग्रॅमहून अधिक नसलेले फूल तेथील दुपारच्या वाऱ्यात टिकावयाचे नाही. त्याला उंच छताचे बंदिस्त दालनच हवे. असे दालन बांधणे खर्चाचे, म्हणून कोर्टे थोडी आणि खेळू इच्छिणारे अधिक, अशी स्थिती लहान गावांत स्वाभाविकच असते. तेथे दुहेरी सोयीची. एका कोर्टावर चौघांची हौस भागते. मात्र हौशी मंडळी बहुधा कोर्टाची उभी वाटणी करतात: डावे तुझे, उजवे माझे. ही वाटणी फक्त बचावाची. एखाद्या मुलाने मागून जोराचा फटका मारला, की त्याच्या जोडीदाराने आपली बाजू सोडून तत्काळ जाळीकडे दोन पावले टाकावीत, एवढा एकच सराव रोज पाव तास केला, तरी ती दोन मुले दुहेरी खेळू लागली असे म्हणता येईल.