समजून घ्या : चेनसॉचे बार वाहून नेण्यासाठी मजबूत पेटी घरच्या घरी कशी बनवाल?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला घासून गेले. दोन्ही वेळा झाडे कोसळून रस्ते बंद झाले आणि ते मोकळे करायला चेनसॉ लागले. अशा वेळी मशीन सुरू होते, पेट्रोल असते, पण टेम्पोत सामानाखाली दबून बार वाकलेला निघाला, तर काम तिथेच थांबते. त्यामुळे पावसाळ्याआधी मशीनसोबत बारच्या पेटीचीही तयारी करायला हवी.

बार जपणे का महत्त्वाचे?

बार म्हणजे जिच्या कडेने साखळी फिरते ती पोलादी पट्टी. तिच्या कडेला बारीक खाच असते आणि साखळीचे खालचे दात त्या खाचेतून धावतात. खाचेची रुंदी साधारण १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असते. बार वाकला किंवा खाच चेपली, तर साखळी अडकते, तापते किंवा उतरते. वेगात फिरणारी साखळी उतरणे हा मशीन चालवणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

बार आडवा ठेवावा की उभा?

शाळेतली प्लास्टिकची फूटपट्टी आठवा. आडवी धरली की सहज वाकते, कडेवर उभी धरली की वाकत नाही. ६० मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड भरीव पट्टी कडेवर उभी ठेवली, तर ती आडव्यापेक्षा २२५ पट ताठ असते. म्हणून पेटीत बार एकमेकांवर रचायचे नाहीत, प्रत्येक बार खाचेत कडेवर उभा ठेवायचा.

माप कसे घ्यावे?

इथे बहुतेकांची चूक होते. ‘१८ इंची’ बार म्हणजे कापण्याची लांबी १८ इंच. मशीनमध्ये शिरणारी शेपटी धरली की बार त्याहून लांब भरतो. त्यामुळे सर्वांत लांब बार टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि त्यात ५ सेंटिमीटर मिळवा. समजा, तुमचा बार ६५ सेंटिमीटर भरला, तर पेटी आतून ७० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच ठेवा. यात सहा बार मावतात.

पेटी कशी जोडायची?

- पेटीसाठी १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या. आठ बाय चार फुटांच्या शीटच्या तिसऱ्या हिश्श्यात काम होते. रिकामी पेटी सहा-सात किलोची होते.
- आतल्या कोपऱ्यांत लाकडी ठोकळे लावा आणि स्क्रू त्यांत घाला. प्लायच्या कडेत थेट स्क्रू मारला तर थर फाटतात. स्क्रूआधी बारीक ड्रिल मारा आणि जोडावर पाण्यात न सुटणारा गोंद लावा.
- तळावर तीन आडव्या लाकडी पट्ट्या बसवा. त्यांत दर ३० मिलिमीटरवर खाच पाडा. खाचेची रुंदी बारच्या जाडीपेक्षा २ मिलिमीटर जास्त हवी. पहिल्या दोन पट्ट्यांमधले अंतर असे ठेवा, की सर्वांत आखूड बारलाही दोन्हींचा आधार मिळेल.
- उरलेल्या जागेत मध्ये फळी घालून कप्पा करा. साखळ्या, पाना आणि कानस त्यात जातील.
- झाकणाच्या आतून जाड रबर किंवा फोम चिकटवा. खड्ड्यात गाडी आदळली तरी बार उसळणार नाहीत.
- दोन्ही टोकांना मुठी लावताना स्क्रूऐवजी वॉशरसह नट-बोल्ट वापरा. वजन मुठींवरच येते आणि स्क्रू कालांतराने उपसून येतात.
- तळाला दोन छोटी भोके ठेवा, म्हणजे आत पाणी साचणार नाही.

खाचेवर काय लिहायचे?

प्रत्येक खाचेजवळ बारची लांबी आणि बारच्या खाचेचे माप रंगाने लिहा. १.६ ची साखळी १.५ च्या बारमध्ये शिरत नाही आणि १.३ ची साखळी त्यात डगमगते. अंधारात, पावसात हे शोधत बसायला वेळ नसतो.

काय टाळावे?

पेट्रोलचा डबा या पेटीत कधीही ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बंद पेटीत तळाशी साचते. साखळी बारवर चढवलेली ठेवू नका. बार ठेवण्यापूर्वी खाचेतला भुसा काढा आणि तेलाचे फडके फिरवा, कारण खाऱ्या हवेत पोलाद लवकर गंजते.

पेटीतून काढलेला बार मशीनला लावण्याआधी सपाट काचेवर किंवा फरशीवर ठेवून पाहा. खाली फट दिसली, तर तो बार वापरू नका.