राउटर आपला, कारभार कोणाचा?

दुकानातला काटा ठराविक मुदतीत पडताळून घ्यावा, तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे ठाऊक असावे, रात्री शटरचे कुलूप एकदा ओढून पाहावे, हे व्यापारी घराण्यात कोणाला शिकवावे लागत नाही. त्याच दुकानाच्या भिंतीवर अँटेना उभारून बसलेल्या राउटरकडे मात्र तो बंद पडेपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक जीएसटीचे विवरणपत्र, बँकेचे व्यवहार, पुरवठादाराला पाठवलेली मागणी आणि सीसीटीव्हीचे चित्रण या साऱ्यांची ये-जा त्या लहानशा डब्यातूनच होत असते. ज्याच्या हातून सगळा व्यवहार जातो, त्याची देखभाल कोणाकडे आहे, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

राउटर हा मुळात एक छोटा संगणकच होय. त्यात प्रोसेसर असतो, स्मृती असते आणि त्याला चालवणारी आज्ञावली असते. उपकरणाच्या आतच बसवलेल्या या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. तिच्यात दोष आढळला की निर्माता सुधारित आवृत्ती काढतो. परंतु मॉडेल जुने झाले की हा पुरवठा थांबतो. दिवे लुकलुकत राहतात, इंटरनेटही चालते, त्यामुळे मालकाला त्याचा पत्ता लागत नाही. उघडे राहिलेले दार मात्र शोधणाऱ्याला सापडतेच. मे २०१८ मध्ये सिस्को कंपनीच्या टालोस या संशोधन विभागाने ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाच्या घातक आज्ञावलीची माहिती प्रसिद्ध केली. किमान ५४ देशांतील सुमारे ५ लाख उपकरणांत तिने ठाण मांडले होते, आणि त्यांतील बहुतेक घरांत व लहान कार्यालयांत वापरले जाणारे राउटर होते. जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीवर नजर ठेवण्याची आणि वेळ आल्यास उपकरणच निकामी करण्याची सोय तिच्यात होती. आत शिरण्यासाठी नवी युक्ती लागली होती असेही नाही; आधीच उघड झालेले, पण दुरुस्त न केलेले दोष पुरेसे होते.

निर्मात्याने हात काढून घेतल्यावर त्या उपकरणाचे काय करायचे? ते टाकून नवे घेणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे मूळ फर्मवेअर काढून तेथे मुक्त फर्मवेअर बसवणे. या दुसऱ्या मार्गाचा उगम एका परवान्याच्या अटीत आहे, आणि देण्याघेण्याचा चोख हिशेब ठेवणाऱ्यांना त्याची कथा सहज उमजेल.

लिंकसिस कंपनीचा ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हा निळा-काळा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. २००३ मध्ये सिस्कोने लिंकसिस विकत घेतली. त्याच वर्षी जाणकारांच्या लक्षात आले की या राउटरच्या पोटात लिनक्स ही आज्ञाप्रणाली आहे. लिनक्स कोणालाही विनामूल्य वापरता येते. मात्र तिच्या जीपीएल परवान्याची एक अट आहे. ती वापरून केलेली वस्तू जो दुसऱ्याला देईल, त्याने त्या आज्ञावलीचा मूळ मजकूरही खुला केला पाहिजे. माल फुकट मिळाला तरी त्यावरची अट फुकटात सुटत नाही. बराच आग्रह झाल्यावर २००३ मध्येच कंपनीने तो मजकूर प्रसिद्ध केला. त्याच्याच आधारे २००४ मध्ये ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प सुरू झाला; त्याच्या नावात त्या राउटरची आठवण अजून टिकून आहे. ‘डीडी-डब्ल्यूआरटी’ आणि ‘टोमॅटो’ ही त्याच मातीतली भावंडे.

पुढची वाट सरळ नव्हती. २००५ मध्ये कंपनीने याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून दुसरी प्रणाली घातली आणि स्मृती निम्म्यावर आणली; मात्र लिनक्स मागणाऱ्या ग्राहकांसाठी ‘डब्ल्यूआरटी५४जीएल’ हे वेगळे मॉडेलही काढले. परवान्याच्या पालनावरून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोवर दावा लावला, तो मे २००९ मध्ये समेटाने मिटला. प्रकल्पातही मतभेद झाले. २०१६ मध्ये काही सहकाऱ्यांनी ‘लेडे’ या नावाने वेगळी चूल मांडली. जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही घरे जुन्या नावाखाली पुन्हा एकत्र आली.

या फर्मवेअरने मिळते काय? पहिली गोष्ट म्हणजे निर्मात्याने सोडून दिलेल्या अनेक उपकरणांनाही सुधारणा मिळत राहतात. दुसरी, एकाच राउटरवर वेगवेगळी जाळी आखता येतात. हिशेबाचा संगणक एका जाळ्यात, कॅमेरे दुसऱ्यात आणि पाहुण्यांचे वा गिऱ्हाइकांचे मोबाइल तिसऱ्यात ठेवले, तर एका ठिकाणी शिरलेला दोष गल्ल्यापर्यंत पोहोचणे अवघड होते. तिसरी, घरात कोणी मोठी फाइल पाठवू लागला की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, ती रांग शिस्तीत लावण्याची सोय त्यात आहे. जाहिरातींचे पत्ते राउटरवरच अडवणारी जोड आज्ञावलीही बसवता येते.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण घाईचे नाही. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेल आणि त्याची आवृत्ती छापलेली असते; दोन्ही प्रकल्पाच्या यादीशी ताडून पाहावी लागतात, कारण एकाच नावाखाली वेगळी चिप असू शकते. नेमकी फाइल उतरवून तिची बेरीज, म्हणजे चेकसम, जुळते का हे पाहावे. संगणक राउटरला वायफायने न जोडता केबलने जोडावा. अनेक मॉडेलांत पहिल्या वेळी ‘फॅक्टरी’ नावाची फाइल मूळ फर्मवेअरच्या पानावरून चढवली जाते. पुढील सुधारणांसाठी ‘सिसअपग्रेड’ नावाची फाइल असते. काही मॉडेलांची रीत निराळी असल्याने यादीतील सूचना आधी पूर्ण वाचावी. फाइल चढत असताना वीज गेली तर राउटर दगावू शकतो. म्हणून तो इन्व्हर्टरवर ठेवावा आणि दिवे स्थिर होईपर्यंत हात लावू नये. त्यानंतर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकला की नवा फलक उघडतो. आरंभी त्याला पासवर्ड नसतो, तो सर्वांत आधी ठेवावा. वायफाय बहुधा बंदच असते. देश म्हणून भारत निवडून आणि पक्का पासवर्ड देऊन ते सुरू करावे. शेवटी मांडणीची प्रत उतरवून संगणकावर जपून ठेवावी.

जोखीम लपवण्यात अर्थ नाही. चुकीची फाइल चढली तर राउटर निपचित पडतो. जाणकार त्याला ‘वीट’ झाली असे म्हणतात. अनेक मॉडेलांना त्यातून उठवता येते, सर्वांना नाही. वॉरंटीवरही परिणाम होऊ शकतो. फार जुन्या राउटरला हे औषध लागू पडत नाही: २०२१ च्या २१.०२ या आवृत्तीपासून किमान ८ एमबी साठवण आणि ६४ एमबी स्मृती लागते. काही चिपांचे निर्माते आवश्यक माहिती खुली करत नाहीत, तेथे वायफाय नीट चालत नाही. इंटरनेट कंपनीने दिलेला डबा तर तिच्याच मालकीचा. त्याला न छेडता त्याच्या पुढे स्वतःचा राउटर जोडणे हेच योग्य. प्रयोग करायचाच तर कपाटात पडून असलेल्या जुन्या राउटरवर करावा, आणि तोही सुट्टीच्या दिवशी; विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला नव्हे.

ज्यांना ही खटपट नको, त्यांच्यासाठीही वाट निघाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ओपन-डब्ल्यूआरटी वन’ हा प्रकल्पाचा स्वतःचा राउटर विक्रीस आला. तो मुळातूनच मुक्त फर्मवेअरवर चालतो, आणि सावरण्याची आज्ञावली वेगळ्या चिपवर ठेवलेली असल्याने त्याची वीट होणे कठीण आहे.

तरीही मुक्त फर्मवेअर एकदा बसवले की चिंता मिटली, असे समजणे घातक ठरेल. त्याच्याही आवृत्त्या जुन्या होतात, आणि नवी आवृत्ती चढवण्याचे काम घरातल्याच कोणाला तरी करावे लागते. कंपनीकडून सुटलेला कारभार मालकाच्या हाती येतो, तो या जबाबदारीसकट. बहुतेक घरांत हे काम जाणणारा एखादा मुलगा वा मुलगी असतेच. त्यांच्याकडे ते रीतसर सोपवावे, तारखेची नोंद ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी विचारणा करावी. काट्याची पडताळणी ज्या वहीत नोंदली जाते, त्याच वहीत राउटरसाठीही एक ओळ असावी.